डासाचा पहिला घोट

अक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती डासांच्या अळ्यांशी बोलत होती. मराठीत.

आमच्या संस्थेतलं डासघर म्हणजे मागच्या अंगाची एक उबदार, दमट खोली. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. एका भिंतीला फळ्या, फळ्यांवर पांढरे ट्रे आणि ट्रेमधल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. समोरच्या भिंतीला जाळीचे पिंजरे, त्यांत मोठे झालेले डास. संशोधनासाठी मी नुकतीच तिथे दाखल झाले होते आणि मला ही खोली बघून यायला सांगितलं होतं. ती पाठमोरी उभी होती. माशांच्या खाद्याची पूड चिमटीने ट्रेमध्ये भुरभुरवत म्हणत होती, "खा गं बायांनो, पोटभर खा. उद्या रविवार आहे, मला यायला उशीर होईल."

मी दारातच थांबले. म्हैसुरात मराठी आमच्या घरात होती, नात्यातल्या चार घरांत होती, लग्नाकार्यांत होती. घराच्या बाहेर, कामाच्या जागी ती मी कधी ऐकली नव्हती.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

ती वळली. "हो! तू पण?"

"हौदु," मी म्हटलं आणि जीभ चावली. "म्हणजे, हो."

ती जळगावकडची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, कामात खूप पुढे गेलेली. मी तिला काय म्हणावं हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, ताई म्हण. पण आमच्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि मला बहीण नव्हती, त्यामुळे तो शब्द वापरायची माझी हौस राहून गेली होती. मी तिला अक्काच म्हटलं.

माझं घर म्हैसुरातच, नजरबादला. घरात मी आणि अप्पा, दोघंच. आई मी कॉलेजात असतानाच गेली. आम्ही मूळचे रंगारी. कापड रंगवायला आणि छापायला पूर्वज कधीतरी इकडे आले आणि इथलेच झाले. अप्पांनी आयुष्यभर रेशमाच्या कारखान्यात रंगखात्यात नोकरी केली. आमची मराठी निम्मी कानडी. ती निम्मी कानडी आहे हे मला अक्का भेटेपर्यंत ठाऊकच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात चहा पिताना मी तिला म्हटलं, "अक्का, मला स्वल्प साखर दे की."

तिने कप खाली ठेवला. "काय दे?"

"स्वल्प. थोडी."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "अगं, आमच्याकडे स्वल्प फक्त विरामाच्या आधी येतं. तू तर एकदम पंडितासारखी बोलतेस!" त्यानंतर ती दिवसातून एकदा तरी मुद्दाम मला म्हणायची, स्वल्प थांब, स्वल्प सरक. मी तिच्याकडून तिची मराठी उचलली. आज मी ज्या भाषेत हे लिहिते आहे ती बरीचशी तिची आहे.

अक्काचं काम डासांच्या आतड्यावर होतं. मलेरिया डासांमुळे होतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या परजीवीला डासाच्या पोटात स्वतःचा जीव वाचवावा लागतो, हे मला तिने सांगेपर्यंत नीट कळलं नव्हतं. डासाची मादी आजारी माणसाचं रक्त पिते, त्या रक्ताबरोबर परजीवी तिच्या पोटात जातो. तिथे त्याला साधारण एका दिवसात आतड्याची भिंत ओलांडून पलीकडे जायचं असतं. ते जमलं तर तो भिंतीला बाहेरून गाठी करून वाढतो आणि पुढे डास ज्याला चावेल त्याच्या अंगात शिरतो. जमलं नाही तर तिथेच संपतो. आणि त्या आतड्यात तो एकटा नसतो. तिथे आधीपासून जिवाणूंची वस्ती असते. रक्त आलं की ते जिवाणूही भराभर वाढतात. त्यांत कोण आहेत आणि किती आहेत, यावर परजीवी पलीकडे पोचतो की नाही हे बरंचसं ठरतं.

"माणसाला ताप येणार की नाही," अक्का म्हणायची, "ते एका डासाच्या पोटात ठरतं. आणि आपण सगळे बसलोय डास मारत."

ती निरनिराळ्या ठिकाणच्या अळ्या आणून वाढवायची आणि कुठल्या डासांना लागण जास्त होते, कुठल्यांना कमी, ते पाहायची. प्रयोगासाठी उंदरांचा मलेरिया वापरायचा, माणसाला तो होत नाही. त्या अळ्या गोळा करायला आम्ही बन्नूरच्या बसने जायचो. बन्नूरहून पुढे सोसले गावाच्या अलीकडे उतरायचं. तिथे एका शेताच्या कडेला गुरांना पाणी पाजायचं जुनं सिमेंटचं टाकं होतं. एका बाजूने शेवाळलेलं, वरून नारळाची सावली. आम्ही पहिल्यांदा तिथे वाकून बघत होतो तेव्हा शेताची मालकीण धावत आली. तिला वाटलं आम्ही पंचायतीच्या, टाकं बुजवायला सांगायला आलोय. अक्काने मला बोलूच दिलं नाही. आपल्या मोडक्या कानडीत हात जोडून म्हणाली, "नमगे सोळ्ळे बेकु." आम्हाला डास पाहिजेत.

म्हातारी कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. आयुष्यात तिच्याकडे डास मागायला कोणी आलं नव्हतं. त्यानंतर आम्ही गेलो की ती लांबूनच ओरडायची, या, तुमचे डास वाढवून ठेवलेत.

त्या टाक्यातले डास वेगळे निघाले. बाकीच्या ठिकाणच्या डासांचं आतडं काढून लाल औषधात बुडवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की भिंतीवर गाठीच गाठी दिसायच्या, द्राक्षाच्या घडासारख्या. लहानपणी गुडघा फुटला की लावायचे तेच ते लाल औषध. सोसल्याच्या डासांचं आतडं मात्र जवळजवळ स्वच्छ. एखाददुसरी गाठ, कधी तीही नाही. अक्काला आधी वाटलं आपलंच काही चुकलं. तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. मग ती त्या आतड्यांतले जिवाणू वाढवून बघायला लागली. आतडं चेचून जेलीच्या बशीवर पसरायचं आणि बशी माणसाच्या अंगाइतक्या उबेच्या पेटीत ठेवायची. बशीवर पांढरे ठिपके उगवायचे. तसले ठिपके सगळ्याच डासांत उगवायचे. त्यातून काही कळत नव्हतं.

अक्काला एक मुलगी होती. तेव्हा पाच वर्षांची. ती जळगावला अक्काच्या आईजवळ राहायची. नवऱ्याबद्दल अक्का बोलत नसे आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी काम आटोपलं की ती संस्थेच्या मागच्या पायरीवर बसून मुलीला व्हिडिओ कॉल करायची. सुरुवातीला मुलगी फोन सोडायची नाही. चित्रं दाखवायची, पडलेला दात दाखवायची. हळूहळू ती खेळता खेळता बोलायला लागली, मग दोन वाक्यं बोलून पळायला लागली. फोनवर नुसतं घराचं छत दिसत राहायचं. अक्का तरीही फोन बंद करायची नाही. छताकडे बघत बसायची, लांबून मुलीचा आवाज येत असायचा तो ऐकत.

त्या वर्षी दसऱ्याची सुट्टी लागली आणि अक्का घरी गेली. जाताना मला म्हणाली, "पिंजऱ्यांना साखरपाणी तेवढं दे. बाकी कशाला हात लावू नकोस." त्याच सुट्टीत संस्थेची वीज गेली. पेटीत बुरशी धरेल म्हणून रखवालदाराला विचारून मी बशा बाहेर काढल्या आणि टेबलावर मांडून ठेवल्या. मिरवणुकीच्या दिवशी आमच्या भागातले रस्ते बंद असतात, त्या दिवशी मी गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपाणी द्यायला गेले तर सोसल्याच्या बशांवरचे ठिपके लाल झाले होते. फिकट नाही, डोळ्यांत भरणारे लाल. बाकीच्या बशांवरचे पांढरेच होते.

मी तिथूनच अक्काला फोन लावला.

"लाल म्हणजे?" ती म्हणाली. "गुलाबी? की तांबडा? काही सांडलंय का त्यावर?"

"नाही गं, अक्का. ठिपकेच लाल आहेत. फोटो पाठवते."

फोटो गेला. मग तिचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती, मुलगी शेजारी अजून झोपलेली असावी. "अंगाच्या उबेत ठेवलं की तो रंग दाखवत नाही. आपण त्याला बाहेरच्या हवेत ठेवलंच नव्हतं कधी. मी येते."

"सुट्टी संपू दे की, अक्का."

"नाही, येते."

ती ठरल्यापेक्षा लवकर परत आली. त्यानंतर बरेच दिवस मुलगी फोनवर आलीच नाही. अक्काची आई सांगायची, रुसली आहे, येईल. अक्का पायरीवर बसून हो हो म्हणायची.

त्या लाल जिवाणूचा फोटो मी अप्पांना दाखवला. अप्पांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला. त्यांना रंगाखेरीज त्यात काही दिसत नव्हतं. "अय्यो, केवढा छान लाल! ह्यात रेशीम बुडवलं तर काय होतं?"

"तो जंतू आहे, अप्पा."

"असू दे की. लाखेचा किडा पण किडाच असतो."

मी हे अक्काला सांगितलं आणि ती उठलीच. बशीवरचा लाल थर तिने स्पिरिटमध्ये खरवडला, जिवाणू मेले याची खात्री केली आणि त्या लाल पाण्यात अप्पांनी दिलेली पांढऱ्या रेशमाची लड बुडवली. पुढच्या रविवारी ती ती लड घेऊन आमच्या घरी आली. अप्पा ती हातात घेऊन अंगणात गेले, उजेडात फिरवून फिरवून बघत राहिले. त्यांच्या वडिलांच्या हातच्या रंगांबद्दल, भट्टीवरच्या मोठ्या भांड्यांबद्दल ते त्या दिवशी जे बोलले ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. अक्का पाटावर बसून गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. त्यांची कानडीमिश्रित मराठी तिला अर्धीच कळत होती, पण ती एकदाही मला मधे विचारायला वळली नाही.

खिडकीत ठेवलेली ती लड महिनाभरात फिकी पडली. अप्पा म्हणाले, "पक्का नाही हा. पण आला होता तेव्हा काय आला होता."

हाच लाल जिवाणू परजीवीला अडवतो का, हे अजून ठरायचं होतं. अक्काने सोसल्याच्या डासांचे दोन पिंजरे केले. एका पिंजऱ्याच्या साखरपाण्यात जिवाणू मारायचं औषध घातलं, दुसऱ्याला नुसतं साखरपाणी. मग दोन्ही पिंजऱ्यांना लागण झालेल्या उंदराचं रक्त पाजलं आणि आम्ही थांबलो. आतडी काढायचा दिवस आला तेव्हा ती म्हणाली, तू बघ, मी काढते. ज्यांचे जिवाणू औषधाने मारले होते त्यांच्या आतड्यांवर गाठी भरून होत्या. ज्यांचे शाबूत होते त्यांची आतडी स्वच्छ. मी डोळा भिंगाला लावून एकेक सांगत होते आणि तिच्या हातातली सुई थांबत नव्हती. शेवटचं झाल्यावर तिने सुई खाली ठेवली आणि मला घट्ट मिठी मारली. तिच्या केसांना डासघराचा वास येत होता, माशांच्या खाद्याचा आणि ओल्या कापसाचा. तो वास मला आजही येतो. रोजच येतो, कारण मी अजून तिथेच काम करते. पण तिच्या केसांना तो निराळा लागायचा.

पुढे मात्र घोडं अडलं. प्रयोगशाळेत दोन-तीन पिढ्या वाढल्या की सोसल्याच्या डासांमधला लाल जिवाणू नाहीसा व्हायचा. मग त्यांनाही इतरांसारखीच लागण व्हायची. अक्काने जिवाणू साखरपाण्यातून पाजून पाहिला. पाजलेल्या डासांत तो राहायचा, त्यांच्या पिलांत नाही. अळ्यांच्या पाण्यात घालून पाहिला. अळ्यांच्या पोटात असायचा, त्याच अळ्यांचे डास झाले की नसायचा. अळीचा कोष होतो आणि कोषातून डास निघतो तेव्हा जुनं आतडं आतल्या सगळ्या ऐवजासकट टाकून देतो. बाहेर येतो तो जवळजवळ रिकाम्या पोटी. मग त्या टाक्यात पिढ्यान्‌पिढ्या हा जिवाणू टिकतो कसा? म्हातारीच्या टाक्यातून नवे डास आणले की त्यांच्यात तो हमखास असायचा.

"तिथे असं काय आहे जे आपण इथे देत नाही?" अक्का म्हणायची. तिने टाक्यातलं पाणी आणलं, शेवाळ आणलं, गाळ आणला. काही उपयोग झाला नाही.

त्याच सुमारास तिची शिष्यवृत्ती संपत आली. मुदतवाढ मिळाली असती, आमचे मार्गदर्शक तसं म्हणालेही होते. पण एका संध्याकाळी पायरीवर मुलगी फोनवर होती आणि आजीने तिला म्हटलं, आईला सांग आज शाळेत काय झालं. मुलगी आजीकडे वळून म्हणाली, "तूच सांग ना तिला." आणि गेली.

अक्का फोन मांडीवर ठेवून बसली. मी शेजारी बसले.

"ती मला 'तिला' म्हणाली," अक्का म्हणाली.

महिन्याभरात तिने आवरलं. जळगावला एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची नोकरी मिळत होती, ती घेतली. जायच्या दिवशी मी आणि अप्पा स्टेशनवर गेलो. अप्पांनी तिच्यासाठी म्हैसूरपाक आणि मोगऱ्याची माळ आणली होती. तिने वाकून नमस्कार केला तर त्यांनी पुडा तिच्या हातात दिला. "ये हं परत, बेगा ये," एवढंच म्हणाले. बेगा म्हणजे लवकर, हे तिला आता माहीत होतं. गाडी हलायला लागली तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "आता तुला स्वल्प थांब म्हणून कोण सांगणार गं?" मी हसले. गाडी दिसेनाशी झाली आणि अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मी रडतेय हे मला कळलं.

तिच्या जागी दुसरं कोणी आलं नाही. काम माझ्याकडे आलं. डासघरात मी एकटी. ट्रेमध्ये पूड टाकताना कधी कधी तोंडातून मराठी निघायची आणि मी गप्प व्हायचे. अळ्यांशी बोलणं हे तिचं होतं. डासाच्या आतड्याला मराठीत आतडं म्हणणारं तिथे कोणी उरलं नव्हतं. फोन व्हायचे, पण तिला आता वर्ग असायचे, पेपर तपासायचे असायचे, मुलीचा अभ्यास असायचा. ती प्रत्येक वेळी विचारायची, "लाल टिकतोय का?" आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणायचे. नंतर नंतर तिने विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

मग अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी रजा घेतली. डासघर बघायला एका सहकाऱ्याला सांगितलं. आमच्याकडे रीत अशी की ट्रेमध्ये कोष दिसायला लागले की ते पिपेटने एकेक उचलायचे, धुवायचे आणि वाटीभर स्वच्छ पाण्यात घालून ती वाटी पिंजऱ्यात ठेवायची. हे वेळखाऊ काम असतं आणि त्याला त्याचीही कामं होती. त्याने कोष उचललेच नाहीत. अख्ख्या ट्रेवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं आणि मोकळा झाला.

मी परत आले तेव्हा त्या कापडाखाली डास उडत होते. त्याने माफी मागितली, मी म्हटलं, इरली, राहू दे. ते डास टाकून द्यायचेच होते. पण एक कोष नेमका तेव्हाच फुटत होता, म्हणून मी कापडाला नाक लावून बघत राहिले. पाठ उकलली, डास सावकाश वर आला. आपल्याच टाकलेल्या कातीवर, होडीवर उभं राहावं तसा उभा राहिला. पाय अजून मऊ, पंख ओले. मी हे असंख्य वेळा पाहिलं होतं आणि नेहमी समजत आले होते की तो पंख वाळवतोय. या वेळी मी जास्त वेळ थांबले. त्याने सोंड खाली वाकवली आणि ज्या पाण्यात वाढला होता ते पाणी प्यायला.

मी ताठ उभी राहिले. टाक्यातून आणलेले कोष आम्ही त्यांच्याच पाण्यात फुटू द्यायचो, पण इथे वाढलेले डास पहिला घोट धुतलेल्या वाटीतल्या पाण्याचा घेत होते.

तो ट्रे सोसल्याहून आणलेल्या नव्या डासांच्या पिलांचा होता; त्यातले काही डास काढून मी त्यांची आतडी बशीवर पसरली, बशा टेबलावर, बाहेरच्या हवेत ठेवल्या. ठिपके लाल उगवले. तरी मी कोणाला सांगितलं नाही. सोसल्याच्या डासांच्या एकाच खेपेच्या अळ्या घेतल्या, अर्ध्यांचे कोष रीतीप्रमाणे स्वच्छ वाटीत, अर्धे त्यांच्याच पाण्यात. स्वच्छ वाटीतल्यांत जिवाणू नव्हता, स्वतःच्या पाण्यातल्यांत होता. त्यांच्या पिलांतही होता, त्यांच्याही पुढच्या पिढीत होता. उंदराचं रक्त पाजलं. लाल जिवाणूवाल्यांची आतडी पहिल्यासारखी, स्वच्छ. तेव्हा मी अक्काला फोन केला. तिची मधली सुट्टी चालू होती, मागे मुलांचा गलका होता.

मी सगळं सांगितलं.

"अक्का, आहेस ना?"

"म्हणजे आपणच ते धुवून काढत होतो," ती म्हणाली.

"सगळेच तसं करतात."

"तुला मीच शिकवलं होतं. कोष उचल, धू, स्वच्छ पाण्यात घाल." मग तिचा आवाज बदलला. "थांब, बेल झाली," म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी तिचा फोन आला. तिने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. डास सोंड कशी वाकवतो, किती वेळ पितो, लगेच पितो की थांबून. मी सांगत होते आणि ती मधे मधे हं म्हणत होती. शेवटी म्हणाली, "मला बघायचंय गं."

पुढच्या नाताळच्या सुट्टीत ती आली, मुलीला घेऊन. मुलगी आता दहा वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली. तिला डासघरात गरम झालं, वास आला, ती दोन मिनिटांत बाहेर पळाली. तिला प्राणिसंग्रहालय बघायचं होतं. अप्पा तिला घेऊन गेले. "आजोबा मजेशीर बोलतात," ती जाता जाता आईला म्हणाली. आईकडे बघून, आईला.

आम्ही दोघी आत राहिलो. अक्काने कोष फुटताना पाहिला. मग म्हणाली, "एक काढू?" तिने सुई हातात धरली. पहिलं आतडं तुटलं. दुसरंही. तिसरं अखंड निघालं. त्यानंतर ती थांबलीच नाही. मी तिच्यापुढे डास ठेवत गेले, ती काढत गेली. बाहेर अप्पांची रिक्षा आली, मुलीने आई अशी हाक मारली, तेव्हा अक्काने मान वर केली. तिचे डोळे भिंगामुळे लाल झाले होते, की कशाने, मला सांगता येणार नाही. "आले गं," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

शोधनिबंधात आमची नावं शेजारी शेजारी आहेत. पण हे सगळं पिंजऱ्यातलं आहे. उघड्या जगात, हजार टाक्यांत, हजार तऱ्हेच्या पाण्यात तो जिवाणू टिकेल का, त्याने कोणाचा ताप टळेल का, हे मला माहीत नाही. त्यावर आणखीही लोक काम करताहेत. मी माझे पिंजरे सांभाळते.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अक्काचा फोन आला, खूप दिवसांनी तिचा जुना आवाज. जळगावात उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतात, त्यांच्या पाण्यात डास होतात. तिने कॉलेजातल्या मुलांना कामाला लावलं होतं, गल्लीगल्लीतून कूलरमधल्या अळ्या आणवल्या होत्या. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक जुना आहे, एका बाजूला झुकतो, म्हणून तिने त्याच्याखाली वहीचा पुठ्ठा घातला होता. बशा घराच्या माळ्यावर. मुलगी ठिपके बघून रंग सांगते, म्हणाली. आतापर्यंत पिवळे आलेत, पांढरे आलेत, एक जांभळट आलाय.

"जांभळट?" मी विचारलं. "कसला जांभळट?"

"ये ना बघायला. मे महिन्यात ये. तेव्हा कूलर जोरात असतात."

मी गाड्या पाहून ठेवल्या. बंगळूरला बदलावी लागते. अप्पांना विचारलं, ते म्हणाले, जा की, मी राहतो. पण पिंजऱ्यांना रोज साखरपाणी लागतं, ट्रेमधलं पाणी राखावं लागतं, एक पिढी चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मे आला आणि गेला. अक्काने रागावून काही म्हटलं नाही. पाऊस सुरू झाल्यावर तिने फक्त कळवलं, कूलर काढून ठेवले, अळ्या संपल्या, आता पुढच्या वर्षी. सोबत जांभळट ठिपक्याचा फोटो होता. मी तो बराच वेळ मोठा करून पाहिला, पण फोनवर रंग नीट कळत नाही.